लपलेली माणसं, कॅमेऱ्याची जात आणि आपली चळवळ



मागच्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या अभ्यासवर्गात आम्ही एक चित्रपट दाखवला. समाजमंदिराच्या भिंतीवर पांढरी चादर, उसना आणलेला प्रोजेक्टर, तीस-पस्तीस पोरंपोरी. चित्रपट होता 'पॅरिस इज बर्निंग'. नावात पॅरिस असलं तरी गोष्ट न्यूयॉर्कची आहे. तिथल्या काळ्या आणि लॅटिनो समलिंगी व ट्रान्स माणसांवरचा, १९९० साली आलेला माहितीपट. वीसेक मिनिटं झाली असतील, तेवढ्यात चळवळीतले एक ज्येष्ठ कार्यकर्ते उठले. नामांतराच्या लढ्यात लाठ्या खाल्लेला माणूस. मी त्यांना काका म्हणतो. जाताना एवढंच म्हणाले, "बुद्धमूर्तीसमोर हे दाखवायचं होतं का रे? आपले प्रश्न संपले काय?"

दोन दिवसांनी एमएच्या वर्गातली एक मैत्रीण भेटली. शहरातल्या क्वीअर कार्यक्रमांना ती नेहमी असते. तिला सांगितलं तर ती कौतुकाने हसली आणि म्हणाली, "वा! पण तुमच्या वस्तीतल्या लोकांना कळला का तो?"

काका आणि ही मैत्रीण एकमेकांना ओळखत नाहीत. भेटले तर एका टेबलावर चहाही पिणार नाहीत. पण दोघांनी एकच गोष्ट गृहीत धरली आहे : असली माणसं आपल्या वस्तीत नसतात. काकांना वाटतं हा श्रीमंतांचा रोग, तिला वाटतं ही शिकलेल्यांची समज.

आणि चित्रपट दाखवला त्याच रात्री साडेअकराला मला एक मेसेज आला होता. त्या तीस-पस्तीस जणांतल्या कुणाचा तरी. "दादा, तो पिक्चर परत बघता येईल का? एकट्याने."

हा लेख त्या मेसेजसाठी आहे.

आधी चित्रपटाबद्दल. १९८० च्या दशकात न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात रात्री हॉल भाड्याने घेऊन 'बॉल' भरायचे. घरातून हाकललेली पोरं वेगवेगळ्या 'हाऊस'मध्ये राहायची. लाबेजा, एक्स्ट्राव्हगांझा, निंजा ही त्या घराण्यांची नावं. प्रत्येक हाऊसला एक 'मदर'. ती सांभाळायची, ओरडायची, जेवू घालायची. आपल्याकडे तृतीयपंथी समाजात गुरू आणि चेला असतात, तसंच काहीसं. बॉलमध्ये स्पर्धा लागायची. कुणी सैनिकाच्या वेशात चालायचं, कुणी कॉलेजच्या विद्यार्थ्याच्या, तर कुणी सूट घालून, हातात ब्रीफकेस घेऊन मोठ्या कंपनीचा अधिकारी म्हणून. या प्रकाराला ते 'रिअलनेस' म्हणायचे. तुम्ही इतके हुबेहूब दिसले पाहिजे की रस्त्यावरच्या माणसाला तुम्ही कोण आहात याचा पत्ता लागू नये. डोरियन कोरी नावाची वयस्क कलाकार आरशासमोर मेकअप करता करता याचा अर्थ उलगडून सांगते : खऱ्या जगात त्या खुर्चीवर आम्हाला कुणी बसू देणार नाही, पण बसू दिलं असतं तर आम्ही तसेच दिसलो असतो.

आता मला सांगा, हे आपल्याला कळायला अवघड आहे का?

भाड्याने खोली बघायला गेल्यावर आडनाव विचारलं की घसा कोरडा पडतो, हा अनुभव कुणाला नाही? गावाच्या नावावरून नवं आडनाव लावणारे आपल्यात किती आहेत? ऑफिसात चौदा एप्रिलची सुट्टी 'घरचं काम' सांगून घेणारे, मोबाईलच्या कव्हरवरचा निळा रंग लपवणारे, डब्यात काय आहे ते न दाखवता कोपऱ्यात जेवणारे किती? रस्त्यावरच्या माणसाला पत्ता लागू नये म्हणून चालणं, बोलणं, कपडे, उच्चार बदलणं ही कला आपल्या किती पिढ्यांनी पोटासाठी शिकली! हार्लेममधल्या त्या पोरांनी त्याच कलेची स्पर्धा भरवली आणि विजेत्याला ट्रॉफी दिली. आपण ती गुपचूप करत आलो. म्हणून 'लोकांना कळला का' हा प्रश्न मला हास्यास्पद वाटतो. तो चित्रपट आपल्या वस्तीला जितका कळेल तितका दक्षिण मुंबईतल्या एखाद्या वातानुकूलित सभागृहात कळायचा नाही. तिथे कुणाला दाराबाहेर चप्पल काढता काढता आडनाव आठवावं लागत नाही.

पण आपण भाबडे प्रेक्षक नाही. बाबासाहेबांनी आपल्याला दुसरा प्रश्न विचारायला शिकवलं आहे : हिशेब कुणाकडे आहे?

दिग्दर्शिका जेनी लिव्हिंगस्टन गोऱ्या, येल विद्यापीठात शिकलेल्या. त्यांनी अनेक वर्षं खपून, तुकड्या-तुकड्याने पैसे जमवत हा माहितीपट केला, हे मान्य केलं पाहिजे. खर्च साधारण पाच लाख डॉलर. अमेरिकेच्या हिशेबात तो तुटपुंजाच. १९९१ मध्ये सनडान्स महोत्सवात त्याला माहितीपटांचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं आणि तिकीटबारीवर त्याने खर्चाच्या कितीतरी पट कमावलं. मग ज्यांच्या आयुष्यावर तो उभा होता त्यांनी विचारलं, आमचं काय? वकील आले, दावे झाले. शेवटी तेरा जणांमध्ये मिळून सुमारे ५५,००० डॉलर वाटले गेले. माहितीपटात बोलणाऱ्यांना पैसे देण्याची पद्धतच नसते, तरी मी दिले, ही दिग्दर्शिकेची बाजू. पद्धत नसते हे खरंच आहे. पण मित्रांनो, 'पद्धत नाही' हे वाक्य आपण कुठे कुठे ऐकलं आहे ते आठवा.

चित्रपटातली व्हीनस एक्स्ट्राव्हगांझा एका साध्या, सुखवस्तू आयुष्याची स्वप्नं बोलून दाखवते. १९८८ च्या डिसेंबरमध्ये, चित्रपट पूर्ण व्हायच्या आत, तिचा खून झाला. ती तेवीस वर्षांची होती. अँजी एक्स्ट्राव्हगांझा आणि डोरियन कोरी दोघीही १९९३ मध्ये गेल्या. याच बॉलमधलं 'व्होग' नावाचं नृत्य मॅडोनाच्या १९९० मधल्या गाण्याने जगभर पोहोचलं. जग नाचलं, हार्लेम होतं तिथेच राहिलं. काळ्या स्त्रीवादी विचारवंत बेल हुक्स यांनी तेव्हाच या चित्रपटावर कडक टीका केली. त्यांचा मुद्दा असा की गोरी दिग्दर्शिका कॅमेऱ्यामागे स्वतः अदृश्य राहते आणि काळ्या माणसांचं दुःख गोऱ्या प्रेक्षकांपुढे तमाशा होऊन जातं. त्या टीकेतलं सगळंच मला पटत नाही. त्या माणसांची हुशारी, त्यांचा विनोद या चित्रपटाने जपून ठेवला, नाहीतर आपल्यापर्यंत काहीच आलं नसतं. पण हिशेबाचा प्रश्न त्यामुळे मिटत नाही.

आता आपल्या मुंबईकडे या. १९९६ साली रियाद वाडिया यांनी 'बॉमगे' नावाचा लघुपट केला. जेमतेम बारा मिनिटांचा. आधार होता आर. राज राव यांच्या इंग्रजी कवितांचा. हे राव म्हणजे पुणे विद्यापीठात इंग्रजी शिकवलेले प्राध्यापक. लोकल ट्रेन, सार्वजनिक मुतारी, ग्रंथालय, अशा जागी चोरून भेटणाऱ्या पुरुषांची मुंबई त्यात आहे. तेव्हा कलम ३७७ जिवंत होतं आणि असा चित्रपट काढणं हा धाडसाचाच मामला होता. तो मान त्यांना दिलाच पाहिजे.

पण धाडसालाही एक पत्ता असतो. वाडिया हे 'वाडिया मूव्हीटोन'च्या घराण्यातले. चित्रपटाची भाषा इंग्रजी. ज्या मुतारीत आणि ज्या डब्यात ही मुंबई भेटते, तिथे रोज येणारा माणूस कोण आहे? तो नालासोपाऱ्याहून, कळव्याहून, गोवंडीहून येतो. दहा बाय बाराच्या खोलीत सात जण झोपतात म्हणून तो येतो. ज्याला स्वतःची खोली आहे, खोलीला कडी आहे, त्याच्यासाठी मुतारी हा एक अनुभव. ज्याला कडीच नाही, त्याला दुसरी जागाच नाही. याच राव यांची 'द बॉयफ्रेंड' ही कादंबरी २००३ मध्ये आली. त्यात मध्यमवयीन इंग्रजी पत्रकाराला चर्चगेट स्टेशनवर भेटलेला तरुण दलित आहे, नाव मिलिंद. कादंबरी जात लपवत नाही, हे तिचं श्रेय. पण मिलिंदने स्वतः लिहिलेली कादंबरी कुठे आहे? मिलिंदने काढलेला चित्रपट कुठे आहे?

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधले, संमतीचे, खाजगीतले समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. आनंदच झाला. पण 'खाजगीतले' या शब्दापाशी थांबा. खाजगीपणाला भिंती लागतात. भिंतींना भाडं लागतं. भाड्याला नोकरी लागते आणि घरमालकाला आडनाव लागतं. हक्क सगळ्यांना मिळाला, तो वापरायची जागा मात्र जातीने आणि वर्गाने आधीच वाटून घेतलेली आहे. २०१५ मध्ये मुंबईतल्या एका वृत्तपत्रात मुलासाठी नवरा हवा अशी एका आईची जाहिरात आली, तेव्हा देशभर टाळ्या पडल्या. जातीची अट नाही, असं तिच्यात लिहिलं होतं आणि लगेच कंसात स्वतःच्याच जातीला पसंती! ते गमतीत लिहिलं होतं, असं नंतर सांगितलं गेलं. गंमत कुणाला सुचते हाही अभ्यासाचाच विषय आहे. त्याच वर्षी दिल्लीच्या प्राइड मोर्चात काही दलित तरुणांनी व्यासपीठावरून उघड सांगितलं की आम्ही दलितही आहोत आणि क्वीअरही. त्यावर किती टाळ्या पडल्या, किती बातम्या आल्या, तुम्हीच शोधा.

इथपर्यंत वाचून काका खूश होतील. "बघ, मी म्हणत होतो ना, हे सवर्णांचंच!" नाही काका. आता तुमच्याशी बोलायचं आहे.

तुमची भीती मला कळते. मी तिला मागासलेपणा म्हणणार नाही. आपल्या आयाबहिणींची देहं या गावगाड्याने फडावर नाचवली, देवाला सोडली आणि वर त्यांनाच अश्लील म्हटलं. शैलजा पाईक यांनी 'द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट' या ग्रंथात तमाशातल्या दलित स्त्रियांच्या अनुषंगाने हेच दाखवलं आहे : अश्लीलतेचा शिक्का हा जातीनेच मारलेला शिक्का होता. त्यातून माणुसकी कमावण्यासाठी आपल्या समाजाने स्वच्छ कपडे, स्वच्छ भाषा, नेटका संसार ही शिस्त स्वीकारली. त्या शिस्तीवर आपण उभे आहोत, मीही उभा आहे. पण आपल्यावर मारलेला शिक्का आपण पुसला, तो दुसऱ्याच्या कपाळावर मारण्यासाठी नव्हे. आपल्याच पोराच्या कपाळावर तर नव्हेच.

आणि बाबासाहेबांचं काय? १९३४ साली रघुनाथ धोंडो कर्वे यांच्यावर 'समाजस्वास्थ्य' मासिकातल्या मजकुराबद्दल अश्लीलतेचा खटला भरला गेला. वाचकांनी लैंगिक शंका विचारल्या होत्या, त्यात समलिंगी संबंधांविषयीही प्रश्न होते आणि कर्व्यांनी त्यांना सरळ, शास्त्रीय उत्तरं दिली होती. कर्व्यांच्या बाजूने कोर्टात कोण उभं राहिलं? बॅरिस्टर भीमराव आंबेडकर. गोलमेज परिषदा आणि पुणे करार मागे टाकून आलेले, देशभरातल्या अस्पृश्यांचा भार खांद्यावर असलेले बाबासाहेब. "आपले प्रश्न संपले काय" असं त्यांना कुणी विचारलं नसेल? लैंगिक विषयावर लिहिलं एवढ्यानेच ते अश्लील ठरत नाही आणि लोक प्रश्न विचारतात तर त्यांना ज्ञानाने उत्तर दिलं पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. खटला हरले. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. हरण्याची शक्यता दिसत असतानाही ते उभे राहिले, हे आपण विसरायचं का?

पुढे संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात त्यांनी संविधानिक नैतिकतेची मांडणी केली. ही नैतिकता माणसात आपोआप येत नाही, ती रुजवावी लागते, असं त्यांनी बजावलं. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ विरुद्ध निकाल देताना हीच मांडणी आधाराला घेतली. म्हणजे ज्या माणसांना तुम्ही समाजमंदिराबाहेर ठेवू बघता, ती कोर्टात बाबासाहेबांचं बोट धरून जिंकली.

पंचशीलातल्या तिसऱ्या शीलाचा दाखलाही मला दिला गेला. ते शील मिथ्याचारापासून दूर राहायला सांगतं. फसवणूक, जबरदस्ती, दुसऱ्याला दुखावणं हा मिथ्याचार, असं मी समजतो. दोन प्रौढ माणसांच्या राजीखुशीत मिथ्या काय आहे? उलट लग्नाच्या बाजारात आपल्या पोराला ढकलून, काही माहीत नसलेल्या एका पोरीचं आयुष्य त्याच्या गळ्यात बांधणं, हा मात्र मला धडधडीत मिथ्याचार वाटतो. असे संसार समाजकार्यात मी पाहिले आहेत. त्यात दोन माणसं रोज थोडी थोडी मरतात. माणसामाणसांतला योग्य व्यवहार म्हणजे धम्म, असं बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये सांगितलं आहे. इथे योग्य व्यवहार कोणता, ते प्रत्येकाने छातीवर हात ठेवून ठरवावं.

आणि चळवळीत हे अगदीच नवं आहे असंही नाही. वंचित बहुजन आघाडीने दिशा पिंकी शेख यांना प्रवक्तेपद दिलं, २०२४ च्या विधानसभेला रावेरमधून शमिभा पाटील यांना उमेदवारी दिली. व्यासपीठावर जागा झाली. आता घरात आणि वस्तीत व्हायची आहे.

मग चित्रपटांचं काय करायचं? माझं म्हणणं स्पष्ट आहे : ते आपण काढले पाहिजेत.

पैसा नाही ही सबब चालणार नाही. २०१५ मध्ये शॉन बेकर यांनी 'टँजरीन' हा पूर्ण लांबीचा चित्रपट आयफोनवर काढला. लॉस एंजेलिसच्या रस्त्यावर देहविक्री करणाऱ्या दोन ट्रान्स स्त्रियांची ती गोष्ट. भूमिका ट्रान्स अभिनेत्रींनीच केल्या. त्यातल्या माया टेलर यांना पुढच्या वर्षी इंडिपेंडंट स्पिरिट पुरस्कार मिळाला. इतिहास नाही ही सबबही चालणार नाही. १९९६ मध्ये, 'बॉमगे'च्याच वर्षी, शेरिल डनये या काळ्या लेस्बियन दिग्दर्शिकेने फिलाडेल्फियात 'द वॉटरमेलन वुमन' काढला. जुन्या चित्रपटात मोलकरणीच्या भूमिकेत दिसणाऱ्या, नावही न मिळालेल्या एका काळ्या नटीचा शोध घेणारी ही गोष्ट. शेवटी कळतं की ती नटीच काल्पनिक आहे, तिचे जुने फोटोही चित्रपटासाठी तयार केले आहेत. ज्यांच्या नोंदी कुणी ठेवल्याच नाहीत, त्यांनी आपला इतिहास स्वतः उभा करायचा. हे तंत्र आपल्या ओळखीचं आहे. आपली चळवळ लोकगीतांतून, जलशांतून, आत्मकथनांतून याच रस्त्याने चालत आली.

आणि आपली भाषा नाही, ही सबब तर आता कुणी काढूच नये. मुंबईतल्या झोपडपट्टीत वाढलेल्या, ड्रायव्हरच्या मुलाने, रोहन परशुराम कानवडे यांनी, 'साबर बोंडं' हा मराठी चित्रपट केला. वडिलांच्या दहाव्यासाठी मुंबईहून गावी आलेला तरुण आणि गावातला त्याचा लहानपणीचा मित्र यांची ही गोष्ट. जानेवारी २०२५ मध्ये त्याला सनडान्समध्ये जागतिक कथाचित्रपट विभागाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. ज्या महोत्सवात १९९१ साली हार्लेमची गोष्ट दुसऱ्याने सांगून बक्षीस घेतलं, तिथेच चौतीस वर्षांनी एका खोलीत वाढलेल्या मराठी पोराने आपली गोष्ट आपण सांगून बक्षीस घेतलं. यापेक्षा मोठा पुरावा कोणता हवा?

पण मोबाईल हातात घेण्याआधी एक गोष्ट नीट ऐका. लपलेल्या माणसांचे सर्वांत स्वस्त चित्रपट आजही रोज निघत आहेत. ॲपवर ओळख काढायची, भेटायला बोलवायचं, चार जणांनी घेरायचं, कपडे काढायला लावून व्हिडिओ करायचा आणि घरी पाठवतो म्हणून पैसे उकळायचे. खर्च शून्य. असा व्हिडिओ निघालेली माणसं माझ्यासमोर बसून रडली आहेत. पोलिसांत जा म्हटलं की नाही म्हणतात, कारण तिथेही पहिला प्रश्न 'तू तिथे गेलास कशाला' हाच असेल, ही भीती. म्हणून कॅमेरा आपल्या माणसाच्या हातात आहे एवढ्याने तो आपला होत नाही. त्याचे नियम आपल्याला करावे लागतील, आणि आधी करावे लागतील.

समोरच्या माणसाची संमती लेखी आणि त्याच्या भाषेत हवी. नंतर नको वाटलं तर माघार घ्यायचा हक्क हवा. चेहरा, आवाज, गल्ली, कमान, काहीही ओळख पटवणारं त्याला विचारल्याशिवाय दाखवायचं नाही. पहिलं प्रदर्शन त्यांच्यासमोर आणि कात्री त्यांच्या हातात. पैसे येतील की नाही माहीत नसताना, आले तर वाटणी कशी, हे कागदावर आधी लिहायचं. न्यूयॉर्कच्या त्या माणसांना वकील करून मागावं लागलं, तसं आपल्या कुणालाही मागावं लागता कामा नये. आणि शेवटचं : कुणाला बाहेर यायचं नसेल तर त्याला ओढून बाहेर काढायचं नाही. लपून राहणं हा कित्येकदा जिवंत राहण्याचा एकमेव मार्ग असतो. आपली आजी आडनाव का सांगत नव्हती, ते आठवा.

त्या मेसेजला मी काय उत्तर दिलं? "होय, बघता येईल. खोलीची किल्ली माझ्याकडे आहे. कधी येतोस किंवा येतेस, सांग." त्याला किंवा तिला दोन तासांसाठी एक कडी असलेली खोली मिळाली. कुणी विचारलं नाही, मीही विचारलं नाही.

पुढच्या महिन्यात अभ्यासवर्गात 'समाजस्वास्थ्य' खटल्यावर बोलायचं ठरलं आहे. काकांना मी स्वतः घरी जाऊन आमंत्रण देणार आहे. ते येतील असं मला वाटतं. त्यांनी लाठ्या खाल्ल्या त्या एका नावासाठी, आणि त्याच नावाचा माणूस त्या कोर्टात उभा होता.

जयभीम! नमो बुद्धाय!